खाऱ्या पाण्याचा टँक नव्या घरी हलवायचाय, अमोनियाचं काय करू?

काचघर (३ मे)

नमस्कार मंडळी,

या महिन्याच्या शेवटी आम्ही कोथरूडहून बाणेरला राहायला जातोय. बाकी सामान पॅकर्सवाले बघतील, पण टँक मलाच हलवायचाय आणि त्या विचाराने आठवडाभर झोप नीट नाही.

सध्याचा टँक ३ फूट बाय दीड बाय दीड, तीन वर्षं चालू. दगड-वाळू वगळता पाणी दीडशे लिटर असेल. नव्या घरासाठी ४ फूट बाय २ फूट, उंची २० इंच असा टँक बनवून घेतलाय, त्यात तीनशे लिटर बसेल. आत मासे म्हणजे ऑसेलारिस क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी, एक क्लीनर श्रिंप, सात-आठ हर्मिट खेकडे, चार टर्बो गोगलगायी. दगड साधारण २० किलो, सगळे कृत्रिम, सिमेंट आणि सिरॅमिकचे, पण आता त्यांच्यावर स्पंज, जांभळं कोरलाइन शेवाळ, बारीक नळीवाले किडे असं सगळं वाढलंय. कोरल ठेवत नाही.

माझा बेत असा: सगळं जुनं पाणी जारमध्ये भरून न्यायचं म्हणजे बॅक्टेरिया सोबत येतील. जुनी वाळू तशीच उचलून नव्या टँकमध्ये टाकायची, तीही जिवंत वाळू आहे. वर नवीन खारं पाणी दीडशे लिटर. एवढं केलं तर माशांना मारणारा अमोनिया येणार नाही ना? नव्या टँकला पुन्हा महिनाभर सायकल करायला (म्हणजे बॅक्टेरिया बसेपर्यंत माशांशिवाय चालवायला) लागेल का? दोन्ही टँक एकदम चालू ठेवायला जागा नाही. जुनं घर ज्या दिवशी सोडायचं त्याच दिवशी मासेही हलवावे लागतील.

गप्पीवाला (३ मे)

माझा अनुभव गोड्या पाण्याचा. मी नवा टँक नेहमी पाच-सहा आठवडे रिकामा चालवतो, मगच मासे. घाई करू नका. फिल्टरमध्ये झिओलाइटची पिशवी टाका, अमोनिया ओढून घेतं. बाटलीतले बॅक्टेरियाही मिळतात.

सिंधुसागर (३ मे)

गप्पीवाला, झिओलाइट गोड्या पाण्यात उत्तम काम करतं, खाऱ्यात नाही. ते अमोनियम पकडतं तेव्हा बदल्यात सोडियम सोडतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम एवढं ठासून असतं की झिओलाइटच्या जागा आधीच भरलेल्या राहतात. वापरलेलं झिओलाइट पुन्हा ताजं करायला ते मिठाच्या पाण्यातच भिजवतात. म्हणून ते काचघर यांच्या उपयोगाचं नाही.

काचघर, तुमच्या बेतातल्या दोन्ही गोष्टी उलट्या करा. मी हे तीनदा केलंय, डोंबिवलीत दोनदा आणि एकदा डोंबिवलीहून ठाण्याला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमोनिया खाणारे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात. दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजावर त्यांचा पातळ थर असतो. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. जुन्या पाण्यात त्यांचा अंश फार थोडा, आणि वर तीन वर्षांचं साठलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट. जुनं पाणी न्यायचं ते वाटेत मासे आणि दगड बुडवून ठेवायला. पन्नास-साठ लिटर खूप झालं, तेही वरचं, नितळ, आधी काढून ठेवलेलं. दीडशे लिटरचे जार जिन्यावरून वाहण्यात पाठ मोडू नका.

खरी ठेव म्हणजे तुमचे २० किलो दगड. त्यांच्यावरचा थर तुमच्या माशांचा रोजचा अमोनिया आज संपवतोय, उद्या नव्या घरीही संपवेल. मासे तेवढेच, दगड तेवढेच. टँक मोठा झाला म्हणून अमोनिया वाढत नाही. त्यामुळे वेगळी सायकल नको, पण एका अटीवर: दगड वाटेत ओले राहिले पाहिजेत आणि जिवंत राहिले पाहिजेत.

वाळू मात्र आणू नका. तीन वर्षांची वाळू वरून पांढरी दिसते. खाली अन्नाचे कण, विष्ठा, मेलेले किडे यांचा गाळ असतो, जो आज शांत बसलाय म्हणून त्रास देत नाही. फावडं लागलं की तो सगळा पाण्यात मोकळा होतो. दोन-अडीच इंचांपेक्षा खोल थर असेल तर तळाला प्राणवायू नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असू शकतो. काळे पट्टे आणि सडक्या अंड्याचा वास आला की ओळखायचं. टँक हलवताना जे अमोनियाचे झटके येतात त्यातले बहुतेक वाळूतून येतात असं माझं स्पष्ट मत आहे. नवी वाळू धुऊन घ्या. जुनीवर फारच जीव असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अगदी नळाच्या पाण्याने. त्यातले बॅक्टेरिया गेले तरी चालतात.

रापण (४ मे)

रत्नागिरीहून लिहितोय. खरं समुद्राचं पाणी हवं असेल तर सांगा, आमच्याकडे काही कमी नाही. पण नदीच्या मुखाजवळचं किंवा खाडीतलं घेऊ नका, खारटपणा बराच कमी असतो. खडकाळ किनारा, भरतीची वेळ. आणि एकदा पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत विषय सोडायचा, नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ सगळं किनाऱ्यालाच येतं.

काचघर (४ मे)

रापण दादा, मनापासून आभार. रत्नागिरी ते पुणे तीनशे लिटर आणणं या वेळी जमणार नाही, मीठ घोळूनच करतो.

सिंधुसागर सर, वाळूचं वाचून धक्का बसला. मी तिलाच जपायला निघालो होतो. गोबी आणि कोळंबीची बिळं तिच्यातच आहेत.

शारजाकर (४ मे)

सिंधुसागर यांच्या वाळूच्या मुद्द्याला माझी साक्ष.

सहा वर्षांपूर्वी मी एका बिल्डिंगमधून समोरच्या बिल्डिंगमध्ये टँक नेला. अंतर चालत चार मिनिटं. वाळू बादलीत भरली, वर थोडं पाणी, रात्रभर गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तशीच नव्या टँकमध्ये ओतली आणि तासाभराने मासे सोडले. पाणी दुधासारखं झालं. संध्याकाळपर्यंत मासे वरच्या थरात तोंड उघडं ठेवून लटकल्यासारखे उभे. माझ्याकडे घोळवलेलं पाणी एक लिटरही शिल्लक नव्हतं. रात्री दुकानं बंद. सकाळी अकरापैकी दोन जिवंत होते. त्यातला एक टँग मी साडेचार वर्षं सांभाळला होता. मुलीने त्याचं नाव ठेवलं होतं.

माझं सांगणं एकच: हलवायच्या दिवशी किमान निम्म्या टँकएवढं खारं पाणी घोळून, हवा देऊन, योग्य तापमानाला तयार ठेवलेलं जास्तीचं असू द्या. टँक भरायला लागतं त्याशिवाय हे. औषधं, बाटल्या सगळं त्यानंतर.

रसायनशाळा (५ मे)

बारावीला रसायनशास्त्र शिकवते, घरी दोन फुटांचा छोटा खारा टँक आहे. आकड्यांबद्दल थोडं लिहिते, कारण 'अमोनिया ०.५ आला, किती वाईट?' हा प्रश्न पुढे येणारच.

पाणी तपासायच्या किटवर जो अमोनिया दिसतो तो दोन रूपांची बेरीज असते. एक मुक्त अमोनिया, तो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मारतो. दुसरं अमोनियम, त्याच्यावर भार असतो, ते सहज आत शिरत नाही, त्यामुळे बरंच सौम्य. दोघांचं प्रमाण ठरवतो पीएच, आणि थोडं तापमान. पीएच ७ ला मुक्त अमोनिया एकूण रकमेच्या अर्धा टक्का. पीएच १ ने वाढला की तो जवळजवळ दहापट. आपल्या खाऱ्या टँकच्या ८.२ ला आणि २५-२६ अंशांना तो सहा टक्क्यांच्या आसपास, पाणी २८ ला गेलं तर सात. म्हणून गोड्या पाण्यात ज्या आकड्याला मासे निवांत पोहतात त्याच आकड्याला आपले मासे धापा टाकतात.

उदाहरण: किटवर १.० पीपीएम (दशलक्षात एक भाग), पीएच ८.२, मे महिन्यातलं २८ अंशांचं पाणी. मुक्त अमोनिया ०.०७. छंदात ०.०२ च्या आत राहावं असं धरतात. म्हणजे तिपटीहून जास्त.

यावरून कुणाला वाटेल, पीएच खाली आणू म्हणजे विष उतरेल. कृपया असं करू नका. खाऱ्या पाण्याची क्षारता मोडून पीएच पाडणं माशांना वेगळाच धक्का देतं, आणि पीएच पुन्हा चढला की अमोनिया तिथेच असतो. पाणी बदलून एकूण रक्कमच कमी करायची.

नायट्राइटला मात्र फार घाबरू नका. गोड्या पाण्यात ते घातक आहे. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचा त्रास खूपच कमी.

गप्पीवाला (५ मे)

ताई, झिओलाइट आणि नायट्राइट दोन्ही मला नवीन. वाचतोय.

काचघर (९ मे)

सगळ्यांचं वाचून बेत बदलला. सांगा कुठे चुकतोय.

नवी अरागोनाइट वाळू आणली, धुतली. नवा टँक दोन दिवस आधीच बाणेरला बसवणार आणि त्यात अडीचशे लिटर खारं पाणी घोळून पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि हीटर चालू ठेवणार. जास्तीचं ६० लिटर ड्रममध्ये. मासे हलवायच्या आदल्या दिवशीपासून खायला बंद. पाणी घरच्या आरओचं घेऊ का? आमचा प्युरिफायर चांगला आहे.

सिंधुसागर (९ मे)

बेत छान. घरच्या प्युरिफायरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून बघा. बहुतेकांना टीडीएस कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतात, मीटरवर ४० ते ८० दिसतं. त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं भांडं जोडून शून्य आणा, किंवा ओळखीतल्या कुणाकडून आरओ-डीआय पाणी घ्या.

खारटपणा दोन्ही टँकमध्ये सारखा. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), घनता १.०२६ च्या जवळ. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घ्या. साध्या पाण्यावर शून्य केलेला कधीकधी वर फसवतो.

स्टँडसकट तुमचं वजन साडेचारशे किलोच्या वर जाणार. खोलीच्या मध्यावर ठेवू नका, बीमच्या भिंतीला लागून ठेवा. फरशी एका पातळीत आहे का हे टँक रिकामा असतानाच बघा.

शारजाकर निम्मा टँक म्हणाले, म्हणजे दीडशे. साठ कमी आहे.

पाषाणकर (९ मे)

मी जवळच आहे, पाषाणला. माझा पाच फुटी आहे, दर पंधरवड्याला पाणी बदलतो म्हणून शंभर-एकशेवीस लिटर घोळवलेलं बऱ्याचदा तयार असतं. लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्र असली तरी.

मीठभाकर (१० मे)

गोबी आणि पिस्तूल कोळंबी कशी पकडणार? मी एकदा जाळी घेऊन दोन तास घालवले होते.

सिंधुसागर (१० मे)

मासे आधी पकडायला जायचंच नाही. आधी वरचं पाणी काढून क्रेटमध्ये, मग दगड एकेक करून त्या पाण्यात. चार बोटं पाणी उरलं की मासे आपोआप सापडतात. कोळंबी बहुतेक एखाद्या दगडाखाली चिकटलेली असते, म्हणून शेवटचा दगड उचलताना खाली वाडगा धरा. तिला वेगळ्या डब्यात ठेवा. जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा, गोबीचे पर अडकत नाहीत.

काचघर (२४ मे, रात्री ११)

हलवलं. अंगात त्राण नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

उन्हाच्या आधी पोचायचं म्हणून पहाटे ५ ला सुरुवात केली. मासे थर्माकोलच्या दोन खोक्यांत, बॅटरीवरचे एअर पंप लावून. दगड झाकणवाल्या चार क्रेटमध्ये, पाण्यात. कोळंबी शेवटच्या दगडाखालीच निघाली, सिंधुसागर सरांचे शब्द खरे. ७ ला सगळं तयार होतं, टेम्पो मात्र ९ ला आला. चांदणी चौकात अर्धा तास. बाणेरच्या सोसायटीत सामानाची लिफ्ट साडेदहापर्यंत दुसऱ्या कुणाला दिलेली. दगड टँकमध्ये गेले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

एक कबूल करतो. जुन्या वाळूतली वरची दोन वाटी ठेवली, धुऊन, बिळासाठी. बाकी सगळी टाकली. तळाला काळा पट्टा होता आणि वास होता. ती बादली सोसायटीच्या मागे नेताना मनात आलं, ही मी माशांच्या अंगावर ओतणार होतो.

रात्री ९ ला तपासलं: तापमान २७, खारटपणा ३५, किटवर अमोनिया ०.२५ की शून्य ते कळेना. क्लाऊनची जोडी कोपऱ्यात पण बरोबर. ग्रामा दिसत नाही, दगडात असेल.

रसायनशाळा (२४ मे)

किट पांढऱ्या उजेडात बघा, शक्यतो दिवसा खिडकीशी. पिवळ्या बल्बखाली शून्याचाही हिरवट भास होतो. आणि ड्रममधल्या ताज्या खाऱ्या पाण्याचीही एक चाचणी करून शेजारी ठेवा. काही मिठांत मुळातच थोडा अमोनिया असतो. दोन्ही नळ्या सारख्या असल्या तर काळजी नको.

काचघर (२५ मे, सकाळी ६.४०)

मदत हवी आहे. किट स्पष्ट हिरवं, १.०. ताज्या पाण्याची नळी पिवळी आहे. क्लाऊन वर येऊन जोरात श्वास घेतायत. पाणी किंचित धुरकट, तापमान २८. ग्रामा अजून दिसत नाही. अमोनिया बांधणारं कंडिशनर घरात आहे, घालू का?

शारजाकर (२५ मे, सकाळी ६.४८)

आधी पाणी. ड्रममधलं ६० लिटर लगेच. पाषाणकरांना फोन करा. पॉवरहेडचं तोंड वर करा, पृष्ठभाग ढवळला पाहिजे. खोलीचा एसी लावा.

सिंधुसागर (२५ मे, सकाळी ६.५५)

कंडिशनर घालायला हरकत नाही, पण बाटलीवरच्या मात्रेपेक्षा जास्त नको आणि हवा भरपूर. ही रसायनं पाण्यातला प्राणवायू खाऊ शकतात. ती अमोनिया खरंच किती बांधतात यावर छंदातल्या लोकांतही वाद आहे, त्यामुळे सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. शिवाय घातल्यावर किट एकूण अमोनिया दाखवत राहील, 'औषध घातलं तरी कमी होत नाही' असं वाटेल. नेसलर पद्धतीचा किट असेल तर तो आकडाच चुकीचा देईल.

आणि उगम शोधा. वाळू तुम्ही आणली नाही, मग हे येतंय कुठून? काहीतरी मेलंय किंवा मरतंय. प्रत्येक दगड बाहेर काढून नाकाला लावा. समुद्राचा वास येणारा परत ठेवा. सडका वास येणारा बादलीत.

पाषाणकर (२५ मे, सकाळी ७.०५)

११० लिटर आहे, ३५ पीपीटी, २६ अंश. गाडीत भरतोय. तुम्ही पत्ता व्यनि केलाय, तिथे सोसायटीत लिफ्टचं सांगून ठेवा.

काचघर (२५ मे, दुपारी १)

पाषाणकर साडेसातला दारात होते. सहा जार, दोघांनी मिळून वर नेले. आधी त्यांचं ११० लिटर बदललं, मग माझं ६०. किट आता ०.५ च्या रंगाला. अकराच्या सुमारास क्लाऊनचा श्वास मंदावला, आता खाली पोहतायत.

उगम सापडला. एका क्रेटच्या तळाला चीर होती. वाटेत त्यातलं पाणी टेम्पोत गळून गेलं असणार. उतरवताना क्रेट हलका लागला होता, मी घाईत लक्ष दिलं नाही. त्यात सगळ्यात मोठा, पाच किलोचा दगड होता, खालून पिवळ्या आणि करड्या स्पंजने भरलेला. अडीच-तीन तास उन्हाळ्याच्या हवेत कोरडा. नाकाजवळ नेला आणि पाषाणकर आणि मी दोघंही मागे सरलो. तो बाहेर काढलाय, जुन्या पाण्याच्या बादलीत वेगळ्या पॉवरहेडखाली ठेवलाय.

त्याच्या मागच्या खोबणीत ग्रामा सापडला. गेला होता. अडीच वर्षं तो उलटा होऊन दगडाच्या छताखाली पोहायचा, पाहुणे विचारायचे आजारी आहे का. काल रात्री दिसत नाही म्हटल्यावर मी शोधायला हवं होतं. त्यानेही अमोनियात भर घातली असेलच.

शारजाकर (२५ मे)

वाईट वाटलं. बाकीचे वाचले ते वेळेवर पाणी होतं म्हणून.

रसायनशाळा (२५ मे)

आकडे जुळतात. तीनशेतले ११० बदलले की १.० चे ०.६३, त्यातून पुन्हा ६० बदलले की ०.५. नवा अमोनिया आता फारसा मिसळत नाही, म्हणजे खरा उगम काढलात. ग्रामाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

मीठभाकर (२५ मे)

स्पंज हवेत आला की मरतो असं ऐकलंय, खरं का? मग दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात ते कसं चालतं?

सिंधुसागर (२५ मे)

स्पंजाच्या शरीरभर बारीक नळ्या असतात, पाणी त्यांतून सतत वाहत असतं. हवा शिरली की ती आत अडकते आणि तो भाग मरून सडतो. काही जाती क्षणभर हवा सोसतात, तरी मी कुठलाच स्पंज बाहेर काढत नाही. वर्तमानपत्रातला दगड बॅक्टेरियाच्या दृष्टीने टिकतो, ओल असेपर्यंत ते जगतात. पण वरचे जीव मरतात, आणि असा दगड मासे असलेल्या टँकमध्ये थेट टाकायचा नसतो. वेगळ्या ड्रममध्ये अमोनिया शून्य येईपर्यंत ठेवायचा, मग आत. काचघर, तुमच्या मोठ्या दगडाचंही तेच करा. ब्रशने मेलेला स्पंज घासून काढा, बादलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. फेकू नका, आतले बॅक्टेरिया अजून कामाचे आहेत.

आता आठ दिवस खायला अगदी चिमूटभर, एकाआड एक दिवस. अमोनिया मुळात अन्नातूनच येतो.

काचघर (२८ मे)

२६ ला ०.५, आणखी ४० लिटर बदललं. २७ ला ०.२५ आणि ०.५ च्या मध्ये. आज ०.२५. नायट्राइट दिसायला लागलंय, ०.५, रसायनशाळा ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. एक टर्बो गोगलगाय उलटी पडून होती, वास घेतला, मेलेली होती, लगेच काढली. उरलेल्या तीन रोज मोजतोय.

गप्पीवाला (२८ मे)

या धाग्यामुळे मी पण खाऱ्याचा विचार करतोय. क्लाऊन समुद्रातून पकडलेले असतात ना, तेच मनाला पटत नव्हतं.

पाषाणकर (२८ मे)

हॅचरीतले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, आता टँकमध्ये जन्मलेले क्लाऊन सहज मिळतात. सुरुवातीच्या खाण्याची कटकटही कमी. कोरल आणि मेलेल्या कोरलचे दगड मात्र कुणी विकायला आणले तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काचघरांसारखे कृत्रिम दगड तीन वर्षांत काय होतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

काचघर (२ जून)

काल आणि आज अमोनिया शून्य. खिडकीत, दिवसा, ताज्या पाण्याच्या नळीशेजारी धरून बघितलं, दोन्ही एकसारख्या पिवळ्या. नायट्राइट उतरतंय. बादलीतल्या मोठ्या दगडाचा अमोनिया अजून ०.५ आहे, त्याला घाई नाही.

काचघर (१४ जून)

मोठा दगड आज आत गेला. बादलीत चार दिवस शून्य होतं, वासही समुद्राचा. तो ठेवल्यावर रोज दोनदा तपासतोय, अजून काही नाही. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा स्पंज पुन्हा दिसतोय.

तीन आठवडे पिस्तूल कोळंबी नजरेस पडली नव्हती. काल रात्री दिवे बंद करून सोफ्यावर बसलो होतो, पाऊस चालू होता, आणि टँकमधून 'टक्' आवाज आला. मग पुन्हा. बायको म्हणाली काच तडकली का. टॉर्च लावून बघितलं तर त्या दोन वाटी जुन्या वाळूच्या कडेला नवं बीळ, तोंडाशी गोबी पहारा देत बसलेला आणि मागून तिची मिशी बाहेर.

पाषाणकर, तुमचे सहा जार धुऊन वाळवून ठेवलेत. शनिवारी सकाळी आणून देतो. सोबत १२० लिटर घोळवलेलं पाणीही आणतो, तुमचा पंधरवड्याचा पाणीबदल माझ्याकडून.

पाषाणकर (१४ जून)

जार तुमच्याकडेच राहू देत, भरून ठेवा. पुढच्या महिन्यात औंधचे एक काका त्यांचा टँक हलवतायत, त्यांना या धाग्याचा पत्ता दिलाय. पाणी दोघांकडूनही लागेल.

सिंधुसागर (१४ जून)

काकांना सांगा क्रेट आदल्या रात्री पाणी भरून तपासायचे, सकाळी खाली ओल आहे का बघायची. आणि त्यांची वाळू किती खोल आहे ते आधी इथे लिहायला सांगा.